आवाज दूर जातो, नाव घराने जपावे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवातील एक सायंकाळ संगीताला द्यावी आणि त्या निमित्ताने मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. काशीत संगीतावर बोलणे म्हणजे घाटावर उभे राहून गंगापुत्रांना पाण्याची खोली सांगण्यासारखे आहे. येथील ठुमरीवर आणि येथील तबल्यावर अधिकारवाणीने बोलू शकतील अशी मंडळी याच सभागृहात बसलेली आहेत. म्हणून मी जरा दूरचा विषय निवडला आहे. अमेरिकेत ‘सोल’, ‘डिस्को’ आणि पुढे ‘हाउस’ या नावांनी जे गानप्रकार रूढ झाले, त्यांच्या प्रवाहात वावरलेल्या, परंतु मूळच्या मुंबईच्या असलेल्या एका गायिकेची कारकीर्द मी आज आपणांपुढे ठेवणार आहे. त्यांचे नाव आशा पुथली.

हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? ‘आशा’ म्हटले की आपल्या ओठांवर भोसले हेच आडनाव येते, आणि ते स्वाभाविकच आहे. माझ्या कानावर हे दुसरे नाव आले ते माझ्या धाकट्या कन्येमुळे. ती येथील विश्वविद्यालयात शिकते. तिच्या कानांना लावलेल्या यंत्रातून काय वाहत असते, हे आम्हा उभयतांना नेहमीच एक कोडे असते. एके दिवशी तिने विचारले, “बाबा, ही बाई मुंबईची, आपले शास्त्रीय संगीत शिकलेली, जगभर हिची गाणी वाजतात, मग आपल्या घरात हिला कोणी ओळखत कसे नाही?” प्रश्न साधा होता, पण घरापासून दूर राहिलेल्या आपणां सर्वांना तो लागू पडतो, असे विचार करता करता माझ्या लक्षात आले.

प्रथम या गानप्रकारांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. ‘सोल’ म्हणजे आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या प्रार्थनामंदिरांत भक्तिगीते गाण्याची जी उत्कट रीत होती, तीच रीत प्रेमगीतांना आणि संसारातील सुखदुःखांच्या गीतांना लाभली, तेव्हा ‘सोल’ जन्मास आले. या प्रकारची सम्राज्ञी मानली गेलेली अरेथा फ्रँकलिन ही एका धर्मोपदेशकाची कन्या होती आणि वडिलांच्या प्रार्थनामंदिरातच तिचा गळा तयार झाला. आपल्याकडे कीर्तनातील चाली संगीत नाटकाच्या रंगभूमीवर आल्या, तेव्हा देवळातील आर्तता नाट्यपदांत उतरली. तिकडचा प्रकार काहीसा असाच समजावा.

‘हाउस’ हे त्या मानाने अलीकडचे अपत्य. 1977 साली शिकागो शहरात ‘वेअरहाउस’ नावाचे एक नृत्यगृह सुरू झाले. तेथे फ्रँकी नकल्स नावाचा तरुण ध्वनिमुद्रिका वाजवीत असे. एक तबकडी संपते न संपते तोच दुसरी तीत अशी मिसळावी, की नाचणाऱ्याचे पाऊल थांबू नये, ही त्याची कला. त्या नृत्यगृहाच्या नावावरूनच ‘हाउस’ हे नाव पडले, असे सांगतात. पुढे या संगीताला यंत्राचा ठेका मिळाला. मिनिटाला सुमारे 120 आघात, म्हणजे एका सेकंदाला दोन. चार मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर सारख्याच वजनाचा खर्जातील ठोका. आपल्या केरव्यात खाली असते, भरी असते. येथे खाली नाहीच. तबल्याला सरावलेल्या कानाला तो ठेका प्रथम कोरडा वाटतो. मग ध्यानात येते की त्या कोरड्या जमिनीवर ओलावा आणण्याचे काम सर्वस्वी मानवी गळ्यावर सोपविलेले आहे, आणि तो गळा बहुधा ‘सोल’ गाणाऱ्या एखाद्या स्त्रीचा असतो.

येथे बनारसी ठुमरीशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. ठुमरीतही एकच ओळ पुनःपुन्हा येते. पण सिद्धेश्वरीदेवी किंवा गिरिजादेवी ती ओळ दहा वेळा म्हणत, तेव्हा दहाही वेळा तिचा अर्थ निराळा होई. एकदा रुसवा, एकदा विनवणी, एकदा नुसती आठवण. याला आपण बोलबनाव म्हणतो. हाउस संगीतात जुन्या गाण्यातील गायिकेची एखादी ओळ यंत्रात साठवून घेतात आणि यंत्र ती पुनःपुन्हा म्हणते, दर वेळी तीच, तसूभरही फरक न करता. ठुमरीत गायिका ओळीची स्वामिनी असते. येथे ओळ गायिकेपासून तुटून एकटीच प्रवासाला निघते. हा फरक आपण लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता आशा पुथली यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म 1945 साली मुंबईत झाला. बालपणापासून त्यांना हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची तालीम मिळाली आणि त्याबरोबरच पाश्चात्य ऑपेरा गायनाचेही शिक्षण झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय या त्यांच्या नात्यातील. म्हणजे घर सुसंस्कृत, कलांची कदर करणारे. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणी केंद्रावरून येणारे जाझ संगीत त्या मुलीच्या कानी पडले आणि तिला त्याचे वेड लागले. जाझमध्ये वादक स्वर योजून ठेवीत नाही, वाजवता वाजवता घडवितो. ख्यालात आपणही तेच करतो. रागाच्या मर्यादेत आयत्या वेळी स्वर बांधण्याची सवय झालेल्या मुलीला ते संगीत परके वाटले नाही, तर जवळचेच वाटले.

मुंबईत त्या वाद्यवृंदांबरोबर इंग्रजी गाणी गाऊ लागल्या. वेद मेहता या सुप्रसिद्ध अंध लेखकांनी मुंबईतील जाझविषयी लिहिताना त्यांच्याविषयी लिहिले, आणि 1970 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या ग्रंथात ते शब्द जगापुढे गेले. मध्यंतरी त्यांनी विमानात परिचारिकेची नोकरी केली. पुढे मार्था ग्रॅहम यांच्या विख्यात नृत्यशाळेत शिकण्याच्या निमित्ताने त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. तेथे जॉन हॅमंड या पारख्याने त्यांचे गाणे ऐकले. बिली हॉलिडे, अरेथा फ्रँकलिन आणि बॉब डिलन या तिघांनाही उजेडात आणणारा तो हाच गृहस्थ, एवढे सांगितले म्हणजे त्याच्या कानाची योग्यता कळेल.

1971 साली ऑर्नेट कोलमन या जाझमधील बंडखोर रचनाकाराने आपल्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेतील दोन गीतांसाठी आशा पुथली यांचा आवाज घेतला. कोलमन यांच्या संगीतात गायकाला आधार देणारी ठराविक स्वरसंगती नसते. पाश्चात्य पद्धतीने शिकलेल्या गायकाला तेथे पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. आपल्या गवयाला मात्र तसल्या आधाराची सवयच नसते. तो एका षड्जावर सारी इमारत उभी करतो. मला वाटते, मुंबईत मिळालेली तालीम न्यूयॉर्कमध्ये कामी आली ती येथे. ते गायन समीक्षकांनी वाखाणले. 1972 साली ‘सॅव्हेजेस’ या मर्चंट-आयव्हरी चित्रपटातही त्या दिसल्या.

यानंतर त्यांची वाट जाझकडून सोलकडे आणि नृत्यसंगीताकडे वळली. 1973 साली सी.बी.एस. कंपनीने त्यांच्याच नावाची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. डेल न्यूमन तिचे निर्माते होते. जे. जे. केल आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या रचना त्यांनी तीत आपल्या पद्धतीने गाइल्या. ही पद्धत ऐकण्यासारखी आहे. सोल गाणाऱ्या स्त्रिया बहुधा छातीतून, खणखणीत आवाजात गातात. आशा पुथली यांनी ती वाट सोडली. त्यांचा स्वर श्वासात मिसळलेला, कानाशी कुजबुजल्यासारखा, आणि एकाएकी तार सप्तकात मींडेने निसटणारा. स्वरावरून स्वरावर उडी न मारता घसरत जाणे हे आपल्या गळ्याचे वळण. ते त्यांनी इंग्रजी शब्दांवर चढविले.

1976 साली ‘द डेव्हिल इज लूज’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि तीत ‘स्पेस टॉक’ हे गीत होते. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसो नावाचा एक रसिक 1970 पासून आपल्या राहत्या जागेत, ‘लॉफ्ट’मध्ये, निमंत्रितांसाठी नृत्यसभा भरवीत असे. तेथे मद्यविक्री नसे. उत्तम ध्वनियंत्रणा आणि निवडक तबकड्या एवढेच भांडवल. त्या बैठकीत ‘स्पेस टॉक’ अत्यंत प्रिय झाले. शिकागोत हाउसची मुहूर्तमेढ रोवणारा फ्रँकी नकल्स न्यूयॉर्कमध्ये असताना या ‘लॉफ्ट’मध्ये जाणाऱ्या तरुणांपैकी होता. म्हणजे ज्या अंगणात हाउसचे बीज रुजले, त्या अंगणात मुंबईच्या या मुलीचा आवाज घुमत होता.

आणि तरीही अमेरिकेत त्यांना घरोघर पोहोचविणारे यश लाभले नाही. त्यांच्या तबकड्यांना युरोपात अधिक गिऱ्हाईक मिळाले. भारतीय स्त्री म्हणजे सतार आणि उदबत्ती, अशी ज्यांची समजूत, त्यांना साडी सोडून झगमगीत पोशाखात डिस्को गाणारी ही बाई कोणत्या कप्प्यात घालावी ते समजेना. आपल्याकडच्यांना ती फार परकी वाटली. पुढे त्या रंगमंचापासून दीर्घ काळ दूरच राहिल्या.

पण आवाज थांबला नाही. ‘स्पेस टॉक’चे स्वर 1997 साली नोटोरियस बी.आय.जी. या रॅप गायकाच्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ या संग्रहातील एका गीतात गुंफले गेले आणि प्रचंड मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचले. ते स्वर आवडले अशा किती जणांनी त्या मुंबईच्या गायिकेचे नाव विचारले असेल? मघाशी म्हणालो ते हेच: ओळ गायिकेपासून तुटून एकटीच प्रवासाला निघते. सुदैवाने जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या तरुण संग्राहकांनी नाव शोधून काढले. 2006 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या पुन्हा रसिकांसमोर गाइल्या, आणि 2024 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षात, इंग्लंडमधील ग्लास्टनबरीच्या विशाल मैदानी महोत्सवात नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांपुढे उभ्या राहिल्या. नाव परत मिळाले. पण ते परत मिळवून देणारे लोक परके होते, घरचे नव्हते.

सभ्य स्त्रीपुरुषहो, आवाज आणि नाव यांच्या ताटातुटीची ही कथा एकट्या आशा पुथली यांची नाही. या नृत्यसंगीतात तर तिने अन्यायाचे रूप घेतले. शिकागोच्या लोलिएटा हॉलोवे यांनी 1980 साली गाइलेल्या एका गीतातील ओळी घेऊन 1989 साली इटलीतील ‘ब्लॅक बॉक्स’ या संचाने ‘राइड ऑन टाइम’ हे गीत रचले. इंग्लंडमध्ये ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि पडद्यावर ओठ हलवीत होती एक निराळीच सुंदर तरुणी. मार्था वॉश या दुसऱ्या थोर गायिकेच्या बाबतीत हेच पुनःपुन्हा घडले. देह स्थूल, म्हणून आवाज घ्यायचा आणि चेहरा दुसरीचा दाखवायचा! 1990 सालच्या ज्या गीताने अमेरिकेत पहिला क्रमांक मिळविला, त्याच्या चित्रफितीतही त्यांच्या आवाजावर दुसऱ्याच स्त्रीचे ओठ हलत होते. मार्थाबाई न्यायालयात गेल्या, कंपन्यांना तडजोड करावी लागली, आणि गायकाचे नाव नोंदविण्याचा दंडक त्या व्यवसायात दृढ झाला.

आपल्या हिंदी चित्रपटांतही एके काळी हीच स्थिती होती. 1949 सालच्या ‘महल’मधील गीताने लता मंगेशकर यांचा आवाज देशभर गेला, पण त्या तबकडीवर नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील पात्राचे! श्रोत्यांनी नभोवाणीकडे विचारणा केली, तेव्हा खरे नाव लोकांना समजले. पुढे लताबाईंनी पार्श्वगायकांचे नाव आणि त्यांचा हक्क यांसाठी निर्धाराने आग्रह धरला. ‘फिल्मफेअर’चे पार्श्वगायनासाठी निराळे पारितोषिक 1959 साली सुरू झाले, त्यामागे त्यांचा हा आग्रह होता.

आणि या साऱ्याचा आरंभ आपल्या काशीशी येऊन भिडतो. गौहर जान यांचा जन्म 1873 साली आझमगढचा. त्यांचे बालपण या काशी नगरीत गेले आणि येथूनच त्या आईबरोबर कलकत्त्यास गेल्या. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे लोक भारतात आले, तेव्हा सर्वप्रथम ज्यांचे गाणे मुद्रित झाले त्यांत गौहर जान या अग्रगण्य. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत, आणि ते तबकडीत कायमचे नोंदले जाई. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, म्हणून नाव सांगण्याची रीत पडली. कारण काहीही असो, काशीतून गेलेल्या त्या स्त्रीने आपला आवाज समुद्रापार पाठविताना त्याच्या पदराला आपले नाव बांधून दिले. आज सव्वाशे वर्षे होत आली तरी ती गाठ सुटलेली नाही.

आता हे सारे आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. आपण सर्वजण दूर आलेलो आहोत. कोणी पिढ्यान्‌पिढ्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात राहणारे, कोणी माझ्यासारखे केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीने गावोगाव बिऱ्हाड हलवीत येथे पोहोचलेले. आपल्या मुलांच्या गळ्यातून मराठीबरोबर हिंदी येते, भोजपुरी येते, इंग्रजी तर येतेच. मुले परके गाणे गाऊ लागली की आपल्याला वाटते, ती हातची गेली. आशा पुथली यांची कारकीर्द मला निराळे सांगते. इंग्रजी शब्द, अमेरिकी ठेका, पॅरिसचा पोशाख. परंतु मींड मात्र मुंबईत शिकलेली. जे गळ्यात मुरले ते गावाबाहेर पडल्याने जात नाही. बाबूराव विष्णू पराडकर यांचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांपुढे आहे. घर मराठी, जन्म काशीचा, आणि आयुष्यभर लेखणी झिजविली हिंदीत, ‘आज’ दैनिकासाठी. मराठीने त्यांना गमावले असे आपण म्हणतो का? नाही, अभिमानाने आपलेच म्हणतो. काशीने पराडकर भवन उभारून ते नाव जपले, आणि आपणही आपल्या घरांत जपले.

तेव्हा काळजी करायची ती आवाज दूर जाण्याची नव्हे. नाव विसरण्याची करावी. आवाज तर जाणारच, जाण्यासाठीच तो असतो. नाव जपणे हे मागे राहणाऱ्या घराचे काम आहे.

या दृष्टीने आपल्याच घराकडे पाहू. व्याख्यानाच्या तयारीसाठी कार्यवाहांनी मंडळाचे कपाट मला उघडून दिले. त्यात जुन्या ध्वनिफिती आहेत. वेष्टनांवर लिहिले आहे, ‘गणेशोत्सव, तिसरा दिवस’, ‘कोजागिरी’, ‘महिला मंडळ, भावगीते’. एका फितीवर कोणी माउली नाट्यपद म्हणते आहे. साथीला पेटी आहे, मागे कोठे तरी लहान मूल रडते आहे, आणि तरीही त्या बाईंचा षड्ज किंचितही हलत नाही. मी ती फीत दोन वेळा ऐकली, दोघातिघांना ऐकविली. कोणालाही नाव सांगता आले नाही. आपल्या दप्तरात गेल्या पन्नास वर्षांतील अध्यक्षांची, कार्यवाहांची आणि देणगीदारांची नावे क्रमवार आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. पण पन्नास वर्षे ज्यांच्या गळ्यावर आपले उत्सव उभे राहिले, त्या गृहिणींची नावे कोठेही नाहीत. सकाळी नैवेद्याचा स्वयंपाक करून संध्याकाळी व्यासपीठावर गाणाऱ्या या स्त्रिया. लोलिएटा हॉलोवे यांच्यावर झालेल्या अन्यायाने आपण हळहळलो. आपल्या कपाटातील ही माउली काही निराळी नाही. फरक एवढाच की तेथे लोभ होता आणि येथे केवळ अनवधान.

म्हणून माझी एकच विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षात मंडळाने चार तरुण मुलामुलींकडे हे काम सोपवावे. त्यांनी फिती घेऊन वडीलधाऱ्यांच्या घरी जावे, त्या ऐकवाव्यात आणि विचारावे, “आजी, हा आवाज कोणाचा?” साल कोणते, पद कोणते, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, हे टिपून घ्यावे. ज्या आवाजांना ओळखणारे कान आज आहेत, ते पुढच्या दहा वर्षांनी असतीलच असे नाही. नव्या यंत्रावर या फिती उतरविणे सोपे आहे. ते काम पुढच्या वर्षीही करता येईल. नावे विचारण्याचे काम मात्र याच वर्षी झाले पाहिजे. आणि यापुढे आपल्या व्यासपीठावर जे लेकरू गाईल, मग ते अभंग गावो, कजरी गावो की माझ्या कन्येच्या आवडीचे इंग्रजी गीत गावो, त्याचे नाव, वर्ष आणि गीत त्याच दिवशी वहीत नोंदले जावे. उद्या ते मूल न्यूयॉर्कला जाईल, बंगळूरला जाईल, कोठेही जाईल. कोणी विचारलेच की हा आवाज कोठला, तर काशीतील या छोट्या मंडळाच्या वहीत त्याचे उत्तर लिहिलेले असावे.

मंडळाचा हीरकमहोत्सव आणि शताब्दी याच उत्साहाने साजरी होवोत, अशी श्रीविश्वेश्वराच्या चरणी प्रार्थना करतो.